एकतीस नंबरचा माग

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात,
पत्र्याखाली मे महिना.
साठ मागांना मी साठ पेट्या बसवल्या.
माग थांबला की पेटी बोलते,
किती मीटर, कधी, का थांबला,
आणि तिचं बोलणं एका ओळीत बांधून
मी डेटाबेसकडे धाडते.

पहिल्याच दिवशी ००७ चा ७ झाला.
मल्लेशम जॉबर चष्म्यावरून बघत म्हणाले,
"शून्यं पुसलीस व्हय? रंगवायला
पेंटरनं वेगळे पैसे घेतलेत त्याचे."
बरोबर होतं. तो आकडा नव्हताच, नाव होतं.
सात नंबरात चार नंबर मिळवून
अकरावा माग तयार होत नाही.
रकाना बदलला. मजकूर.

मीटरचं उलटं केलं होतं मी.
घाईत तेही मजकूर म्हणून ठेवले,
मजकूर काय, काहीही गिळतो.
मग यादीत सगळ्यांत वर नऊ मीटरवाला
आणि एकशेवीसवाला तळाशी,
कारण अक्षरांनी लावलेल्या रांगेत
आधी पहिलंच अक्षर बघतात, उंची नाही.

तारखांनी तर बारा दिवस गोड बोलून फसवलं.
पेटी दिवस आधी सांगायची, डेटाबेस महिना आधी ऐकायचा,
पाच मेचा झाला चार... नाही, मे महिन्याच्या पाचचं
झालं पाचवं पाच, ते तर खपूनच गेलं;
सहा मे जून महिन्यात जाऊन बसला.
कुणी ओरडलं नाही.
तेराला मात्र दार लागलं.
तेरावा महिना कुठून आणणार?
ती पहिली चूक, जिचे मी आभार मानले.

आणि मग शनिवार, पगाराचा.
एकतीस नंबरवर भूमय्या वंगा.
मंगळवार शून्य, बुधवार शून्य, गुरुवार शून्य.
भूमय्या खिडकीशी उभा, पाकीट परत मोजत,
भुवयांवर कापसाचा भुगा.
भांडला नाही. म्हणाला,
"तीन दिवस मी कुठं होतो मग?"

वायर उंदरानं खाल्ली होती.
पेटी गप्प होती तीन दिवस,
आणि रिकाम्या जागी शून्य भर, असं
रकान्याला सांगून ठेवणारी मी.
रिकामं बरं दिसत नाही म्हणून.

मल्लेशमनी त्यांची लाल वही काढली,
तेलाच्या बोटांनी पान उघडलं.
एकतीस नंबर: मंगळवार कोरा,
बुधवार कोरा, गुरुवार कोरा.
"लगीन होतं भाचीचं, अक्कलकोटला होतो.
न बघता शून्य कसं लिहू?"
मग मला समजावं म्हणून सावकाश,
घरातल्या तेलुगूत:
"लेदु म्हणजे नाही.
तेलियदु म्हणजे ठाऊक नाही.
हे दोन शब्द आहेत, पोरी.
तुझ्या मशीनकडं एकच आहे का?"

दोन होते. दुसरा मीच बंद केला होता.

गोदामात जाऊन आम्ही टॉवेलचे गठ्ठे मोजले,
चिठ्ठीवर एकतीस, बाजूला भूमय्याची खूण,
तीनशे बेचाळीस मीटर.
रकान्याला कोरं राहायची परवानगी दिली.
सरासरी बदलली, आलेख मधेच तुटका दिसू लागला.
मालक म्हणाले, "हे भोक बुजव की."
म्हटलं, भोक नाही, ते खरं आहे.
त्यांना पटलं असं नाही; चहा आला, विषय राहिला.

रात्री घरी पोचले, पायरीवर घागरी कोरड्या.
चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याचा आज वार.
शेजारच्या अंबूबाई कठड्यावरून,
"काय गं, नळ आला होता का दुपारी?"
तोंडात 'नाही' आलंच होतं.

"ठाऊक नाही," म्हटलं.
"मी घरी नव्हते."